तिसऱ्या अंकाचा भोंगा

युद्धाने या घराण्याकडून एकच गोष्ट हिरावून नेली, ती म्हणजे तिसऱ्या अंकाचा शेवट. बाकी जे काही हरवलं, ते घराण्याने आपापसात, शांततेच्या काळात, भरपूर वेळ घेऊन हरवलं.

ही हकिगत थिएटरच्या दर्शनी दालनात पितळेच्या पाटीवर कोरलेली आहे. शत्रूच्या हवाई हल्ल्यामुळे ज्याचा पहिला प्रयोग शेवटच्या वाक्यावर थांबला, असं संगीत नाटक इथे झालं, असा तिचा सारांश. पाटी घरातल्या थोरल्याने, दादाने ठोकली, म्हणून ती अजून सरळ आहे. मजकुराबद्दल तसं म्हणता आलं नसतं, पण त्याबद्दल त्या सोमवारपर्यंत कोणी तोंड उघडलं नव्हतं.

सोमवारी थिएटर बंद असतं. छोटीने घरातल्या सगळ्या थोरांना तीन वाजता बोलावलं आणि येताना आपापली नक्कल आणायला बजावलं. बरोबर पंधरा दिवसांनी तेच नाटक, त्याच रंगमंचावर ती पुन्हा उभं करणार होती. तिच्याकडे कलाकार होते, वादक होते, नवे दिवे होते. नाटक तेवढं नव्हतं.

याचं कारण तिच्या आजोबांची, नानांची, कामाची पद्धत. युद्धात कागद मिळत नसे. नानांनी अख्खं नाटक एका वहीत लिहिलं, ती वही विंगेत खुर्चीवर बसून सूचना देणाऱ्या आजीच्या मांडीवर ठेवली, आणि प्रत्येक नटाला फक्त त्याची नक्कल दिली. म्हणजे आधीच्या माणसाचे शेवटचे तीन शब्द आणि पुढे आपलं वाक्य. इतर काय बोलतात ते तालमीत कळेल तेवढं कळेल. त्यामुळे नाटक आपल्याचबद्दल आहे असं प्रत्येकाला वाटत असे. घरात ही सवय नाटकानंतरही टिकली.

"आत्या, वर ये ना. टेबल वर मांडलंय," छोटी म्हणाली.

"मला इथून ऐकू येतं." आक्का पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. "आणि माझंही वर पोचतं. सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी."

"चष्मा लागेल. खाली उजेड कमी आहे."

"पाठ आहे मला."

रंगमंचाला सहा पायऱ्या आहेत. एकतीस वर्षांत आक्काने त्यांतली एकही चढली नव्हती. आईच्या शोकसभेत सगळी भावंडं वर बसली, तेव्हाही ती खालीच होती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी उच्चारत नसे. त्या दुपारी भोंगा झाला तेव्हा आक्का रंगमंचावर होती. विंगेत गुडघ्यांनी अधू झालेली आई होती. आईच्या खुर्चीजवळून आक्का तळघराकडे पळाली आणि आई वर राहिली. आईने त्यावर पुढे अवाक्षर काढलं नाही. फक्त मृत्युपत्रात लिहिलं की थिएटर धाकट्याला द्यावं, कारण तो जागचा हलला नाही.

तेव्हापासून धाकट्याला घरात सगळे मालक म्हणत. आधी टोमणा म्हणून, मग सवयीने. छोटी त्याची मुलगी. तिला नाटकाच्या शेवटी, एकतीस वर्षांनी, तीच जुनी मुलगी म्हणून आत्या रंगमंचावर हवी होती. एवढ्यासाठी तिने हे संमेलन भरवलं होतं, आणि हे तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

"करा सुरू," थोरल्या वहिनी पायपेटीशी बसत म्हणाल्या. मूळ प्रयोगात त्यांनीच साथ केली होती. त्यांच्या नकलेत शब्द नव्हतेच. नुसते सूर, आणि मध्ये एके ठिकाणी नानांच्या अक्षरात, 'इथे थांबणे, चिमी रडते.'

चिमी म्हणजे आक्का. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती आणि नऊ वर्षांच्या मुलीचं काम करत होती. दोन वेण्या घातल्या की वय कळत नाही, असं नानांचं मत होतं. प्रेक्षकांचं कोणी विचारलं नव्हतं.

वाचन सुरू झालं. गोष्ट जुनीच, लहानपणी सगळ्यांनी पुस्तकात वाचलेली. एक मुका राजा गावोगावचे आवाज चोरतो आणि बरण्यांत भरून ठेवतो. एक मुलगी आपल्या बदकाला घेऊन ते सोडवायला निघते. नानांनी ती युद्धात आणून ठेवली. राजाचा महाल म्हणजे तळघर, बरण्यांना काळा कागद लावलेला, आणि मुलीला सगळे आवाज नकोच आहेत. तिला एकच हवाय, आघाडीवर गेलेल्या बापाच्या बुटांचा, जिन्यावरचा.

"'...भीती वाटते का,'" छोटीने आधीचे शब्द पुरवले.

"'मला नाही वाटत. माझ्या पिसांना वाटते,'" मालक म्हणाला आणि थांबला, हशा यावा म्हणून. कोणी हसलं नाही. तो पुढे म्हणाला, "'पण पिसं माझं ऐकत नाहीत. ती सरकारी आहेत.'"

"हे नानांचं नाही," वहिनी म्हणाल्या.

"नानांचंच आहे."

"भावजी, बदकाला अकरा वाक्यं होती. आत्ता तुमचं सोळावं चाललंय."

"भूमिका वाढते, वहिनी. माणसाबरोबर."

"माणसाबरोबर पोट वाढतं."

दादा टेबलाच्या टोकाला बसला होता, पायांशी एक मोठी कापडी पिशवी घेऊन. तो या थिएटरचा सुतार, दिवेवाला आणि आवाजवाला. पुढे त्याने फर्निचरचं दुकान काढलं, आणि आता सत्तरीत तेही पुतण्यांच्या हाती दिलं. आपली नक्कल सापडली नाही, असं त्याने आल्याआल्या सांगितलं होतं. घरातली प्रत्येक किल्ली खिळ्याला लावणाऱ्या माणसाची नक्कल हरवते, याचं छोटीला नवल वाटलं. वहिनींना वाटलं नाही.

वाचता वाचता साडेतीन झाले. आक्का खालून सपाट आवाजात वाक्यं सोडत होती, जसं कोणाचा फोन कोणाला जोडावा तसं. पण तिसऱ्या अंकात गाणं आलं. वहिनींनी पेटीवर नुसते सूर धरले, आणि तिचा आवाज आपोआप वर गेला.

बरणीत कोंडलं गाव सारं,
झाकण काढ रे राजा;
जिन्यावरती बूट वाजू दे,
एवढाच हट्ट माझा.

आवाज पासष्टीचा होता, थोडा तडकलेला. मालकाने चष्मा काढून पुसला. त्याला त्या वर्षाच्या दुपारी आठवल्या. दिवे लावायला बंदी, म्हणून सगळ्या तालमी उजेडात. खिडक्यांवरच्या काळ्या कागदाला खळीचा वास. पडदे रंगवायला रंग नाही म्हणून बुटाचं पॉलिश. आणि मधल्या सुट्टीत सगळे त्या सहा पायऱ्यांवर ओळीने बसून, एकाच किटलीतला चहा तीन कपांत आळीपाळीने पीत. इतकी गैरसोय, आणि कोणाशी कोणाचं भांडण नाही. पुढच्या एकतीस वर्षांत सोयी खूप झाल्या.

"पुढे?" छोटीने विचारलं.

"पुढे काही नाही," आक्का म्हणाली. "माझ्यात लिहिलंय, 'गाणं. वारा. पुढचं आई सांगेल.'"

"माझ्यातही तेच," मालक म्हणाला.

ही नानांची आणखी एक पद्धत. शेवटचं वाक्य तालमीत शिळं होतं, असं ते म्हणत. म्हणून ते कोणाला देतच नसत. शेवटच्या क्षणी नटाने विंगेकडे बघायचं, आईने ते सांगायचं, आणि नटाने ते जन्मात पहिल्यांदा बोलायचं. त्या नाटकाचा एकच प्रयोग झाला. पुढच्या आठवड्यात सरकारने थिएटर घोंगड्या साठवायला घेतलं, घोंगड्या गेल्या तोवर नानाही गेले. वाक्य वहीत राहिलं, आणि वही त्या हल्ल्यात गहाळ झाली असं सगळे धरून चालले.

"मग माझं ऐका," छोटी उठून उभी राहिली. "शेवट नाहीच, तर जे खरं झालं तेच दाखवू. गाणं संपतं, भोंगा होतो, लाल दिवे, पळापळ. मुलगी पळते. बदक थांबतं, म्हातारीला पंखाखाली घेतं. आणि मग एकतीस वर्षांनी ती मुलगी परत येते. तिथे आत्या, तू."



"पंखाखाली नव्हतं घेतलं," मालक म्हणाला. "समोर उभा होतो. आईला आड करून."

"सहा फुटी बदक आडवं आलं म्हटल्यावर विमानं तरी काय करतील," वहिनी म्हणाल्या.

आक्काने पर्सची चेन लावली. "म्हणजे मी पळाले, ते आता तिकीट लावून दाखवणार."

"आत्या, तसं नाहीये ते. लोकांना ते समजेल. पळणं म्हणजे..."

"तसंच आहे, आणि खरं आहे. खुशाल दाखव. पण त्याला मी कशाला? पळायचं काम कोणीही करील. तरुण मुलगी घे, जोरात पळेल."

"आक्का," मालक म्हणाला, "तुला कोणी दोष दिलाय का कधी?"

"नाही दिलास. दर वर्षी न चुकता नाही दिलास."

मालकाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्याने जे केलं ते छोटीला अपेक्षित नव्हतं. "छोटे, हा प्रवेश काढ," तो म्हणाला. "बदकाचाही काढ."

"बाबा, तूच म्हणालास की याच्यावरच जाहिरात..."

"म्हणालो होतो. तिचा आवाज ऐकला नव्हता तेव्हा."

छोटीला वाटलं, आपण सकाळपासून जो डाव मांडला त्यातली सोंगटी उठून समोरच्या बाजूला जाऊन बसली. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग शेवट कोणी द्या. नाहीतर भोंग्यावरच पडदा पाडते आणि लोकांना घरी पाठवते. मोठे काका, भोंगा आणलात ना?"

दादाने मान हलवली. पिशवीतून त्याने तो काढून टेबलावर ठेवला. हाताने फिरवायचा, लोखंडी, अग्निशामक दलाने मोडीत काढलेला. दांडा त्याने कालच तेल घालून मोकळा केला होता. भोंग्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आणखी काहीतरी होतं. ते त्याने पिशवीतच राहू दिलं.

त्याला ती दुपार सालासकट आठवत होती. लाकूड कापल्यावर आतले वळसे दिसावेत तशी. गाण्यात वारा वाहायचा. लाकडी पिंपावर कापड ताणून ते फिरवलं की वारा. तीन मिनिटांचं गाणं, तीन मिनिटं उजवा हात. मग लगेच भोंगा. पण लोकांनी गाण्याला वन्स मोअर दिला, आणि चिमीला आयुष्यात पहिल्यांदा वन्स मोअर मिळाला म्हणून नानांनी पेटीला खूण केली. पुन्हा गाणं. पुन्हा वारा. आणि मग भोंगा, त्याच हाताने.

"तो भोंगा कुठला वाजला होता, माहितीये?" दादा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. दादाचं वाक्य प्रश्नार्थक असणं हेच मुळात विरळा.

"हा," दादा म्हणाला. "हाच वाजला."

"म्हणजे?" मालकाने विचारलं.

"विमानं आली की भोंगा खालीवर होतो. गेली की सलग एका सुरात वाजतो. नानांच्या शेवटात सलग हवा होता. राजाच्या शेवटच्या बरणीत तोच आवाज होता, संकट टळल्याचा. तालमीत वाजवायला परवानगी नव्हती, म्हणून नाना, आई आणि मी सोडून कोणाला माहीत नव्हतं." तो दांड्यावरून बोट फिरवत होता. "दांडा एकसारखा फिरवला तर सूर सलग राहतो. माझा हात दमला होता. सूर खाली गेला. मी जोर लावला, वर गेला. परत खाली. तेवढ्यात तुम्ही कोणीच नव्हतात."

"झालं एकदाचं," वहिनी म्हणाल्या आणि पेटीचं झाकण लावलं.

आक्काने त्यांच्याकडे मान वळवली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला सूर कळतो, वन्सं. सरकारी भोंगा गावावरून येई, हा माझ्या डाव्या कानात आला. आणि चांगला दीड सूर खाली."

"मग तुम्ही का पळालात?"

"पाय कुठे सूर ऐकतात? तळघरात मी तुमच्याही आधी पोचले. डोकं नंतर आलं."

"आणि नंतर बोलला का नाहीत?"

"नवऱ्याचा भोंगा बायकोने कसा वाजवायचा? म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील." वहिनींचा आवाज थोडा उतरला. "तुम्ही एक्स्चेंजमध्ये अर्ज केलात त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं."

"थांबा, थांबा," मालक म्हणाला. "तीनशे माणसांनी तळघरात धमाके ऐकले. मोजले होते लोकांनी. सतरा. वर छत हादरत होतं."

दादाने विचारलं, "तू वर किती वेळा पडलास?"

मालकाचा हात पाठीमागे गेला, जिथे कधीकाळी बदकाचे बंद होते.

बदकाचा पोशाख काथ्या भरलेला होता, आणि त्याचे बंद पाठीमागे होते. दोन माणसांनी बांधायचे, दोन माणसांनी सोडायचे. चोचीतून समोरचं हातभर दिसे. भोंगा झाला तेव्हा ते सोडणारी दोन्ही माणसं तळघरात होती. मालकाने बंद तोडायचा प्रयत्न केला, पडला, उठला, दार शोधलं, पडला. पाठीवर पडलेलं बदक स्वतः उठू शकत नाही, ते शिकण्यात त्याची बरीच दुपार गेली. पुढे लोक वर आले, त्यांनी त्याला आईच्या पायांशी बघितलं आणि त्याचा अर्थ त्यांनीच लावला. त्याने तो नाकारला नाही, इतकंच.

"मी थांबलो होतो," तो म्हणाला.

"थांबलास," दादा म्हणाला.

"बाहेर पडता येत नव्हतं हेही खरं आहे. दोन्ही खरं असू शकतं."

"सासूबाईंनी म्हणूनच थिएटर तुम्हाला दिलं असेल," वहिनी म्हणाल्या. "ज्याला बाहेर पडता येत नाही, त्याच्याच गळ्यात घालावं."

छोटीला हसू आलं आणि तिने ते दाबलं, कारण आत्या हसत नव्हती. आक्का उभी राहिली होती, पर्स खाली पडली होती.

"दादा, एकतीस वर्षं."

"हो."

"मला पळपुटी म्हणून घेऊ दिलंस. मीच मला तसं म्हणत राहिले."

"नाना आणि मी सांगत सांगत तळघरात गेलो, पण त्या ओरड्यात कोणी ऐकेना. वर आलो तेव्हा लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते," दादा म्हणाला. "वाचलो म्हणून. तीनशे माणसं. त्यांना कसं सांगायचं की तुम्ही मरणारच नव्हतात? नानाही म्हणाले, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काहीच आलं नाही. युद्धात काही न छापून येणं हाच सगळ्यात मोठा पुरावा. मग पाटी आली. ती मलाच ठोकायला दिली." त्याने पिशवीत हात घातला. "तुझ्याबद्दल मला कळत होतं, चिमे. पण मला वाटायचं, भोंगा खोटा असला तरी पळणं तर खरंच होतं. सांगून काय हाती लागणार? नंतर आईची ट्रंक माझ्याकडे आली. त्यात हे होतं. त्याला बारा वर्षं झाली. ही बारा वर्षं मात्र माझी चूक."

वर्तमानपत्राच्या आत वही होती. नानांचं अक्षर, आणि समासात पेन्सिलने आईचं. सूचना देणाऱ्या माणसाने प्रयोगाची नोंद ठेवायची असते. आईने त्याही दिवशी ठेवली होती, वर बसून, रिकाम्या थिएटरात, बदकाच्या पडण्याच्या आवाजात.

"वाच," आक्का म्हणाली.

छोटीने वाचलं.

"'प्रयोग पहिला. पडदा तीन वाजून चार मिनिटांनी. सगळ्या खुर्च्या भरल्या. पहिला अंक, दिव्याला उशीर. दुसरा अंक, बदक दोनदा पडलं, लोक हसले, ठेवायला हरकत नाही. तिसरा अंक, गाण्याला वन्स मोअर, वारा दोनदा. भोंग्याला थोरल्याचा हात दमला, सूर हलला. तेल घालायला सांगणे. सगळे तळघरात. चिमी एकटी माझ्याकडे आली, खुर्ची ओढत होती. खुर्ची हलेना. रडायला लागली. भोंगा आपलाच आहे म्हटलं, तिला ऐकू गेलं नाही. जा म्हटलं. तेवढं ऐकू गेलं. गेली. बदकाचे बंद सोडायला कोणी नाही. सहा वाजता लोक वर आले. शेवटचं वाक्य राहिलं.'"

"मी खुर्ची ओढली नाही," आक्का म्हणाली. "मी सरळ पळाले. मला आठवतंय."

"खुर्ची मी जमिनीला स्क्रूने बसवली होती," दादा म्हणाला. "आईच्या गुडघ्यांना धक्का बसू नये म्हणून. ओढून हलली नसतीच."

आक्का आपल्या उजव्या तळव्याकडे बघत होती. एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी प्लग धरताना तो दुखला होता. तळव्यात लाकडाची बारीक ढलपी, कूस, मोडली होती, महिनाभर निघाली नव्हती. तळघरात उतरताना कठडा घट्ट धरला, तेव्हाची असेल असं तिने डॉक्टरला सांगितलं होतं. आणि कूस निघाली तेव्हा तिला थोडं वाईटही वाटलं होतं, कारण शिक्षा म्हणून तेवढीच मिळाली होती.

"तळघराच्या कठड्याची कूस होती," ती म्हणाली. "इथे."

"तळघराचा कठडा लोखंडी आहे," दादा म्हणाला.

खाली पहिल्या रांगेत एक खुर्ची आपली आपण मिटली. दादाने ती दुरुस्त करायचं मनात टिपून ठेवलं.

"आईने मला का नाही सांगितलं?" आक्काने विचारलं. "एकोणीस वर्षं होती ती त्यानंतर. मी दर रविवारी जायचे. भाजी निवडून द्यायचे. का नाही सांगितलं?"

याचं उत्तर वहिनींनी दिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा टोमण्याशिवाय. "वन्सं, सासूबाई विंगेतल्या होत्या. नट अडला आणि त्याने विंगेकडे बघितलं, तरच त्या बोलत. न अडणाऱ्याला सांगितलं तर त्याचा अपमान होतो, असं मला त्यांनीच शिकवलं. तुम्ही अडलात ते त्यांना कळलंच नसेल. तुम्ही बघितलंत कुठे त्यांच्याकडे?"

आक्काने विचार केला. एकोणीस वर्षांचे रविवार. भाजीकडे बघून बोलत होती ती, हे खरं होतं.

तिने पर्स उचलली, खुर्चीवर नीट ठेवली, आणि पायऱ्यांकडे आली. तिसऱ्या पायरीवर तिचा गुडघा कुरकुरला, आईचा कुरकुरायचा तसा. छोटी हात द्यायला पुढे झाली, मालकाने तिला मागे धरलं.

"वाक्य काय आहे?" वर आल्यावर आक्काने विचारलं.

छोटीने वही पुढे केली. आक्काने ती घेतली नाही. "असं नाही. विंगेत जा. जिथे खुर्ची होती तिथे. दादा, तू भोंगा घे. ह्या वेळी सलग."

"माझ्याच्याने एकट्याने होणार नाही. हात आता तेवढासुद्धा..."

"मी धरतो," मालक म्हणाला. त्याने कोट काढला. दोघं भाऊ एका दांड्यावर हात ठेवून उभे राहिले, एकाचा वर, एकाचा खाली. वाटणीनंतर ते इतके जवळ उभे राहिले नव्हते.

"आणि बापाचे बूट?" छोटीने विंगेतून विचारलं. "इथे लिहिलंय, भोंगा थांबल्यावर जिन्यावर बूट वाजतात."

मालकाने पाय आपटून बघितला. तळ रबरी होते. वहिनींनी न बोलता पेटीच्या झाकणावर बोटांची पेरं ठेवली.

भोंगा आधी कण्हला, मग चढला. दोन वयस्कर माणसांनी मिळून तो वर नेला आणि तिथे धरला. दादा ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होता, मालकाच्या कपाळाची शीर फुगली होती. सूर हलला नाही. रिकामं थिएटर त्या एका सुराने काठोकाठ भरलं, आणि वरच्या खिडक्यांच्या काचा, ज्यांना कधीकाळी काळा कागद होता, बारीक थरथरल्या. एका मिनिटाने दोघांनी हात काढले. आवाज हळूहळू बसला. मग लाकडावर पावलं वाजली, एक, दोन, तीन, जिना चढणारी, न घाई करता.

आक्काने विंगेकडे बघितलं.

"'दार उघडंच आहे,'" विंगेतून छोटी म्हणाली.

"दार उघडंच आहे," आक्का म्हणाली. रिकाम्या खुर्च्यांना ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

मग मालकाने रुमालाने मान पुसली. "पाटीचं काय करायचं?"

"राहू दे," दादा म्हणाला. "काढली तर भिंतीचा रंग निघेल."

"आत्या, पंधरा दिवसांनी..." छोटीने सुरुवात केली.

"वेण्या घालणार नाही," आक्का म्हणाली. "ते आधीच सांगते."

तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. समोरच्या छापखान्यात पाळी पाचला सुटते. भोंगा ऐकून तिघं जण डबे उचलून घरी गेले, आणि त्यांचा अर्ध्या दिवसाचा खाडा मांडला गेला.